कागदाचा बाण आणि बुटांचा दुकानदार

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे येतात, लढाया येतात, तहनामे येतात. शाळेच्या पुस्तकात त्यांनाच जागा असते आणि परीक्षेत सनावळ्याही त्यांच्याच विचारल्या जातात. पण आज मी ज्या माणसाची हकिगत आपल्याला सांगणार आहे, तो राजा नव्हता, सेनापती नव्हता आणि विद्यापीठात शिकवणारा शास्त्रज्ञही नव्हता. अमेरिकेतल्या नेब्रास्का नावाच्या राज्यात, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या नॉरफोक या लहानशा गावी त्याचे बुटांचे दुकान होते. त्याचे नाव ऑर्व्हिल कार्लाइल. या दुकानदाराने १९५४ साली कागदाचा एक बाण तयार केला. त्या बाणामुळे पुढे असंख्य मुलांना आकाशाचे शास्त्र हाताने शिकता आले, आणि शिकताना त्यांचे हातही शाबूत राहिले. हे दुसरे वाक्य मी मुद्दाम जोडले आहे. ते का जोडले, हेच आज सांगायचे आहे.

बाण हा शब्द आपल्याला परका नाही. दिवाळीत बाटलीत उभा करून जो सुर्रकन वर सोडतात, त्याला आपण बाणच म्हणतो. रॉकेट हा शब्द आपल्याकडे नंतर आला. बाण त्याच्या आधीपासून आहे. जुन्या काळी तो केवळ शोभेचा नव्हता. अठराव्या शतकात दख्खनच्या फौजांतून, मराठ्यांच्याही, दारूचे बाण लढाईत वापरले जात. त्यांत सर्वांत नावाजले ते म्हैसूरचे, हैदर आणि टिपू यांचे बाण. त्यांचे वैशिष्ट्य काय? तर दारू भरायची नळी लोखंडाची. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीत दारू दाबून भरता येते ती एका मर्यादेपर्यंतच. लोखंडाची नळी जास्त दाब सोसते, म्हणून बाण जास्त दूर जातो. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत या बाणांनी इंग्रजी फौजेची दाणादाण उडवण्याला हातभार लावला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, तेव्हा त्यांतले काही बाण इंग्लंडला वूलिचच्या शस्त्रागारात गेले, आणि विल्यम काँग्रीव्ह याने त्यांचा अभ्यास करून इंग्रजांसाठी नवे बाण घडवले. थोडक्यात, बाणाला लोखंड मिळाले आणि तो भारी शस्त्र झाला.

ही लोखंडाची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता बाण उडतो कसा, हे दोन वाक्यांत पाहू. मुलाने फुगा फुगवून तोंड न बांधता सोडला की काय होते? हवा मागे सुटते आणि फुगा पुढे पळतो. बाणाचे तेच. नळीत इंधन जळते, त्याचा वायू होतो, तो वायू मागच्या अरुंद तोंडातून जोराने बाहेर पडतो आणि नळी पुढे ढकलली जाते. न्यूटनने सांगितलेला क्रिया-प्रतिक्रियेचा नियम तो हाच. बाणाला मागे रेटायला हवा लागते असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. म्हणून तर तो निर्वात अवकाशातही चालतो.

तत्त्व सोपे आहे, पण काम जोखमीचे आहे. नळीत दाब वाढत असतो. मागचे तोंड जरा अधिक अरुंद झाले, दारूला आतून भेग गेली किंवा ती एकदम जास्त पेटली, की वायूला बाहेर पडायला वाट पुरत नाही. मग नळी फुटते. मॅक्स व्हालियर हा ऑस्ट्रियात जन्मलेला, रॉकेटवर ग्रंथ लिहिणारा, रॉकेटवर चालणाऱ्या मोटारी करून पाहणारा जाणता माणूस. १९३० च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये प्रयोग करताना यंत्राचा स्फोट झाला आणि तो जागीच गेला. जाणत्याची ही गत, तर अजाण पोरांची काय होईल?

ती वेळ १९५७ साली आली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. अमेरिकेत खळबळ उडाली. रात्री अंगणात उभे राहून माणसे आकाशाकडे डोळे लावू लागली, आणि घरोघरच्या पोरांच्या डोक्यात एकच वेड शिरले : आपणही रॉकेट सोडायचे.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कोलवुड नावाचे कोळशाच्या खाणीचे एक गाव आहे. तिथल्या होमर हिकॅम नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने स्पुटनिक जाताना पाहिला आणि मित्र जमवून रॉकेट करायला घेतले. पहिल्या रॉकेटने आकाश काही गाठले नाही. आईच्या गुलाबाच्या वाफ्याभोवतीचे कुंपण मात्र उडवून दिले. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण पोरे थांबली नाहीत. खाणीच्या कर्मशाळेतल्या कारागिरांनी त्यांना नळ्या आणि तोंडे घडवून दिली. शाळेतल्या फ्रीडा रायली या तरुण शिक्षिकेने त्यांना रॉकेटशास्त्राचे पुस्तक मिळवून दिले आणि म्हणाल तर पाठीवर हात ठेवला. पोरांनी गावाबाहेर खाणीच्या कचऱ्याच्या पडीक जागेत मैदान ठरवले, आडोशाला लाकडाची आणि पत्र्याची झोपडी उभारली, आणि गणित शिकून घेतले. १९६० साली राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात त्यांच्या कामाला पदक मिळाले. हिकॅम पुढे नासा या अवकाशसंस्थेत अभियंता झाला. १९९८ साली त्याने या आठवणींचे 'रॉकेट बॉइज' हे पुस्तक लिहिले आणि १९९९ साली त्यावर चित्रपटही निघाला. फ्रीडा रायली मात्र १९६९ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, आजाराने वारल्या. पुढे त्यांच्या नावाने शिक्षकांसाठी पुरस्कार सुरू झाला.

ही यशाची गोष्ट सर्वांना ठाऊक झाली. पण कोलवुडच्या पोरांना कारागीर मिळाले, शिक्षिका मिळाली, मोकळे रान मिळाले. ज्यांना यांतले काहीच मिळाले नाही, त्यांनी काय केले? त्यांनी घरातल्या तळघरात किंवा मोटारीच्या छपरीत लोखंडी नळाचा तुकडा घेतला, कुठून तरी मिळवलेली किंवा स्वतः कालवलेली दारू त्यात ठासली, एक टोक ठोकून बंद केले आणि वात लावली. श्रोतेहो, असे रॉकेट आणि हातबॉम्ब यांत फरक तो काय राहिला? फुटला की लोखंडाच्या ठिकऱ्या चहूकडे उडणार. ज्या लोखंडाने म्हैसूरच्या बाणाला बळ दिले, तेच लोखंड या पोरांच्या जिवावर उठले. कित्येकांची बोटे गेली, डोळे गेले. काही घरांतून पोरगेच गेले.

अशा वेळी समाज सहसा दोनच गोष्टी करतो. एक, तिकडे दुर्लक्ष. दोन, सरसकट बंदी. 'हा नाद सोड, अभ्यास कर,' असे बाप म्हणतो आणि कायदाही तेच म्हणतो. बंदी चुकीची होती असे नाही. घरी दारू कालवण्यावर बंदी हवीच. पण बंदीने हात थांबतात, कुतूहल थांबत नाही. ते आड वाटेने जाते. तिसरा मार्ग कोणी दाखवला? आपल्या बुटांच्या दुकानदाराने. आणि गंमत अशी की तो त्याने स्पुटनिकच्या तीन वर्षे आधीच शोधून ठेवला होता.

ऑर्व्हिल कार्लाइलला शोभेच्या दारूकामाचा छंद होता आणि ते काम करण्याचा त्याच्याजवळ रीतसर परवाना होता. त्याचा भाऊ रॉबर्ट याला लहान विमाने बनवण्याचा नाद होता. रॉबर्ट रॉकेटच्या उड्डाणाचे तत्त्व समजावणारी व्याख्याने देई, आणि त्याला प्रत्यक्ष उडवून दाखवता येईल असे काहीतरी हवे होते. एका भावाला दारू कळत होती, दुसऱ्याला उड्डाण कळत होते. दोन्ही ज्ञाने एका घरात एकत्र आली आणि १९५४ साली पहिला नमुना उडाला. त्याला त्यांनी 'रॉक-अ-शूट' असे नाव दिले. पुढे १९५८ साली ऑर्व्हिलला त्याचे पेटंट मिळाले.

त्यात नवे काय होते? दिवाळीच्या बाणाशी ताडून पाहा. आपल्या बाणाला लांब काडी असते; ती त्याला सरळ ठेवते. कार्लाइलने काडी काढली आणि विमानासारखे छोटे पंख शेपटीला चिकटवले. आपला बाण वर जाऊन फुटतो आणि संपतो. कार्लाइलने फुटणे काढून टाकले. त्या जागी इतकीच थोडी दारू ठेवली की ती रॉकेटचे टोक ढकलून आतली छोटी हवाई छत्री बाहेर काढील. छत्री उघडली की रॉकेट तरंगत खाली येते आणि पुन्हा उडवता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सबंध देह कागदाचा आणि हलक्या लाकडाचा. लोखंडाला पूर्ण रजा. कागदी नळी फुटलीच तर तिच्या चिंध्या होतात, ठिकऱ्या होत नाहीत.

त्याहून मोठी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते खरा शोध तोच. कार्लाइलने रॉकेटचे दोन भाग केले. एक भाग इंधनाचा : बोटाएवढे कागदी नळकांडे, ज्यात दारू आधीच मापून दाबून भरलेली आणि मागे मातीचे अरुंद तोंड बसवलेले. हे काम जाणत्याने करायचे, कारखान्यात करायचे. दुसरा भाग देहाचा : नळी, टोक, पंख, छत्री. तो मुलाने करायचा, घरी करायचा. उडून झाले की जळके नळकांडे काढून टाकायचे आणि नवे बसवायचे. म्हणजे विस्तव मुलाच्या हातून काढून घेतला, पण रॉकेट त्याच्या हातात ठेवले. मुलाला खरोखर हवे असते ते रॉकेटच. दारू कुटणे हा त्यातला नाइलाज होता.

हा शोध नॉरफोकच्या बाहेर गेला कसा, तीही ऐकण्यासारखी हकिगत आहे. न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्स या रॉकेटच्या मैदानावर हॅरी स्टाइन नावाचा एक तरुण सुरक्षेचे काम पाहात असे. मोठी रॉकेटे सुटताना माणसांनी कुठे उभे राहायचे, कोणी कोणता हुकूम द्यायचा, हे ठरवणे त्याचे काम. तो मासिकांतून सोप्या भाषेत लेखही लिही. घरगुती रॉकेटांच्या धोक्यांविषयी त्याने जे लिहिले, ते कार्लाइलच्या वाचनात आले. १९५७ च्या जानेवारीत कार्लाइलने त्याला पत्र लिहिले आणि सोबत आपली काही रॉकेटे पाठवून दिली. स्पुटनिक उडायला तेव्हा नऊ महिने होते.

स्टाइनने ती रॉकेटे उडवून पाहिली आणि त्याच्या लक्षात आले की आपण शोधत होतो ते हेच. मग त्याने स्वतःची भर घातली. मोठ्या मैदानावरचे नियम त्याने या लहानग्या रॉकेटांना लावले आणि एक नियमावली लिहिली. त्याच वर्षी छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना सुरू झाली आणि डेन्व्हर शहरात अशी रॉकेटे विकणारी पहिली कंपनीही निघाली. पण धंद्यात अडचण आली. इंधनाची नळकांडी हाताने भरावी लागत. ती वेळेवर मिळत ना आणि सगळी सारखी निघत ना. तेव्हा डेन्व्हरमधल्याच एका फटाके बनवणाऱ्याच्या मुलाकडे, व्हर्नन एस्टिस याच्याकडे, काम आले. त्याने नळकांडी भरणारे स्वयंचलित यंत्रच बांधले आणि त्याला 'मेबल' असे लाडके नाव दिले. १९५९ मध्ये हे यंत्र चालू झाले. दर नळकांड्यात तेवढीच दारू, तेवढाच दाब. स्टाइनची कंपनी पुढे डबघाईला आली; एस्टिसने मात्र १९६० पासून स्वतःचे संच विकायला काढले आणि १९६१ साली पेनरोझ या गावी कारखाना हलवला. 'मेबल'ला इतिहासाच्या पुस्तकात जागा नाही, पण कित्येक मुलांची बोटे तिने वाचवली असतील.

आता, अशा संचातून पहिले रॉकेट करणारा मुलगा काय काय करतो, ते पाहू. शिक्षक मंडळींनी इकडे विशेष लक्ष द्यावे, कारण यात सबंध शास्त्राचा वर्ग आहे.

रॉकेट साधारण हातभर लांब. वजनाने शंभर ग्रॅमलाही कमी. कागदी नळी सरळ हवी. पंख पातळ लाकडाचे, सहसा तीन किंवा चार. ते सारख्या अंतरावर आणि नळीला अगदी समांतर चिकटवावे लागतात. एक जरी तिरका बसला तरी रॉकेट भोवऱ्यासारखे फिरते. डिंक वाळेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि धीर हा या छंदातला पहिला धडा. छत्री घडी करून आत ठेवताना तिच्यामागे न पेटणाऱ्या कागदाचा बोळा घालावा लागतो. नाहीतर गरम वायूने ती वितळते.

मग प्रश्न येतो, हे सरळ उडेल का? त्याची परीक्षा मोठी सुंदर आहे. रॉकेटचा तोल जिथे साधतो, तिथे सुतळी बांधायची आणि राखणदार गोफण फिरवतो तसे ते डोक्याभोवती फिरवायचे. टोक पुढे ठेवून फिरले तर ते स्थिर आहे. उलटेसुलटे कोलांटले तर नाही. कारण असे की वजनाचा मध्य पुढे हवा आणि हवेच्या रेट्याचा मध्य मागे हवा. धनुष्याच्या बाणाचे फाळ पुढे आणि पिसे मागे का असतात, त्याचे उत्तर हेच. १९६६ च्या सुमारास नासामधल्या जेम्स बॅरोमन या अभियंत्याने हे गणित शाळकरी मुलांना जमेल अशा सूत्रांत बसवून दिले.

इंधनाच्या नळकांड्यावर अक्षर आणि आकडे असतात, समजा 'ए ८-३'. अक्षर सांगते एकंदर जोर. ए पेक्षा बी ची कमाल मर्यादा दुप्पट, बी पेक्षा सी ची दुप्पट. म्हणजे भूमितिश्रेढीच की. आठ हा सरासरी रेटा, न्यूटन या मापात. तीन म्हणजे इंधन जळून गेल्यावर छत्री उघडण्यापूर्वीचे सेकंद. इंधन तर एक सेकंदभरही जळत नाही. उरलेला सगळा प्रवास रॉकेट मिळालेल्या वेगावर करते, जसा हातातून सुटलेला दगड. ते मध्ये तीन सेकंद का थांबायचे? कारण भर वेगात छत्री उघडली तर फाटेल. वर जाऊन वेग मंदावला की उघडायची.

आणि मग मैदान. रॉकेट एका उभ्या सळईवरून सुटते, म्हणजे वेग येईपर्यंत त्याला वाट मिळते. वात कधीच हाताने पेटवायची नाही; विजेच्या तारेने, निदान पाच मीटर दूर उभे राहून, कळ दाबून पेटवायची. कळीला एक चावी असते आणि ती सोडणाऱ्याच्याच खिशात राहते. मोठ्याने उलटी गणती करायची, म्हणजे सर्वांना कळते. नाहीच पेटले, तर चावी काढायची आणि एक मिनिट थांबायचे. लगबगीने जवळ जायचे नाही. रॉकेट विजेच्या तारेवर अडकले तर त्याचा नाद सोडायचा. हे नियम साधे दिसतात. पण व्हाइट सँड्सवर मोठी रॉकेटे सोडणाऱ्यांची शिस्त हीच होती. मुलगा हे नियम पाळतो तेव्हा त्याला कोणी लहान समजलेले नसते, तर त्याला त्या मोठ्या कामात भागीदार केलेले असते. म्हणून तो ते पाळतो.

स्टाइनचे १९९७ साली निधन झाले. कार्लाइल त्याआधीच, १९८८ साली गेला. त्यांच्या शिस्तीतला छंद मात्र टिकला.

आता आपल्याकडे वळू. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळात थुंबा येथून पहिले रॉकेट वर गेले. ते अमेरिकेहून आले होते. कोळ्यांच्या वस्तीतले चर्च हीच तिथली कचेरी, आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेले जात. त्या कामाला पुढे एका मराठी माणसाने मोठा हात लावला. वसंत गोवारीकर, जन्म १९३३ सालचा, पुण्याचा. रॉकेटच्या घन इंधनाचे शास्त्र आपल्या देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. १९७९ ते १९८५ ते थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते. २०१५ साली ते वारले. बाणाचे लोखंड आपल्याकडून इंग्लंडात गेले होते. रॉकेटचे शास्त्र आपण पुन्हा आपल्या हाताने उभे केले.

पण खेड्यातल्या शाळेतल्या मुलाचे काय? इंधनाचे तयार नळकांडे आपल्या तालुक्याच्या बाजारात मिळत नाही. आणि घरी दारू करू नये, हे मी हात जोडून सांगतो. परवान्याशिवाय स्फोटक बनवणे हा १८८४ च्या स्फोटक कायद्याप्रमाणे गुन्हा आहेच, पण कायद्याआधी पोराचा जीव आहे. फटाक्यातली दारू काढून दुसऱ्या नळीत भरणे हेही तितकेच वाईट. गुरुजी, आपल्या वर्गातला एखादा पोरगा असे काही करतो आहे असा सुगावा लागला, तर त्याला छडी मारून सोडू नका. तो हुशार असतो. त्याला दुसरे काहीतरी करायला द्या.

ते दुसरे म्हणजे पाण्याचे रॉकेट. यात विस्तवच नाही. फसफसणाऱ्या सरबताची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी; ती मुळात वायूचा दाब सोसायला बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली घेऊ नये. काचेची किंवा धातूची तर मुळीच नको. ओरखडलेली, चेपलेली बाटलीही नको. बाटलीत एकतृतीयांश पाणी भरावे. घट्ट रबरी बूच घेऊन त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवावा आणि त्याला निदान पाच मीटर लांब नळी लावून सायकलच्या पंपाला जोडावी. बाटलीला पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवावे, बुडाशी पुठ्ठ्याचे निमुळते टोक बसवावे आणि तोंड खाली करून ती लाकडी चौकटीत उभी करावी. पंप मोठ्या माणसाने मारावा. दाब वाढला की बूच सुटते, पाणी खाली उसळते आणि बाटली आकाशात जाते. ती पाच-दहा ताडांवर जाऊन पाहायची नाही. पोरे मागे, ओळीत, आणि एकदा पंप सुरू झाला की बाटलीवर कोणी वाकायचे नाही. नाहीच सुटली, तर आत दाब असेपर्यंत बाटलीजवळ कोणी जाऊ नये. उलटी गणती मात्र सर्वांनी मिळून करावी.

मग वही काढा. किती उंच गेली? कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून ओळंबा करा. रॉकेटपासून वीस मीटरवर एका मुलाने उभे राहून सर्वोच्च क्षणी कोन मोजावा. कोन पंचेचाळीस अंशांचा असेल तर उंची वीस मीटर आणि त्या मुलाच्या डोळ्याची उंची. साठ अंश असेल तर सुमारे पस्तीस मीटर आणि डोळ्याची उंची. ज्यांना त्रिकोणमिती अजून आलेली नाही, त्यांनी कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून मोजावे. पुढच्या वेळी पाणी थोडे कमी घ्या, नंतर थोडे जास्त घ्या, आणि प्रत्येक उंची लिहा. पाणी नसेल तर मागे फेकायला जड काही नाही. पाणी फार असेल तर रेटणारी हवा थोडी उरते आणि ओझे वाढते. मधले कोणते माप उत्तम, ते मुलांनीच शोधून काढावे. चार आठवडे हा उद्योग चालला, की न्यूटनचा नियम पाठ करून घ्यावा लागत नाही.

श्रोतेहो, माझा विषय इतिहास आहे, शास्त्र नव्हे. इतिहासाच्या माणसाला या हकिगतीत एक गोष्ट विशेष वाटते. टिपूच्या लोहाराने बाण अधिक बळकट केला; त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, पण त्याच्या कामाची नोंद राहिली, कारण त्याने राज्ये हलली. नॉरफोकच्या दुकानदाराने उलट काम केले. त्याने बाण मुद्दाम दुबळा केला, कागदाचा केला, लहान केला, आणि म्हणून तो मुलांच्या हाती देता आला. प्रगती म्हणजे दर वेळी अधिक जोर असे नाही. जोखमीचे काम कोणी करायचे आणि शिकण्याचे काम कोणी करायचे, हे नीट वाटून देणे हीदेखील प्रगतीच. ती करायला फार मोठा माणूस लागत नाही. आपला छंद मनापासून जाणणारा आणि दुसऱ्याच्या पोराची काळजी असणारा माणूस लागतो. असा एखादा प्रत्येक गावात असतो. शाळेने त्याला एकदा बोलावून पाहावे.